सतरा नंबरचा फॉर्म आणि दहावीचं गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी संध्याकाळी मोठ्या माणसांना दहावीचं गणित शिकवते. वर्गात येणारे बहुतेक जण हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम करतात. काही घरकाम करतात, काहींचा भाजीचा ठेला आहे, एक-दोघं ऑटो चालवतात. सगळ्यांची शाळा कधीतरी मध्येच सुटलेली. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतो, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत.

मी सातवीतच शाळा सोडली. आता डायरेक्ट दहावी होऊन जाईल का?

होते. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते, त्यासाठी जो अर्ज भरतात तोच सतरा नंबरचा फॉर्म. किमान पाचवी पास असावं लागतं आणि वयाची १४ वर्षं पूर्ण झालेली हवीत. वयाला वरची मर्यादा नाही. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत काढावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. दाखल्याच्या कामात महिना जातो, म्हणून पुस्तकाआधी दाखल्याच्या मागे लागा.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि भरताना एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावी लागते. पावसाळा सुरू झाला की मंडळाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्म त्याच्या कितीतरी आधी बंद होतो. मुदत गेली तर काही दिवस विलंब शुल्क भरून घेतात, पण त्यानंतर सरळ पुढचं वर्ष.

मी दहावीला बसलो होतो, गणितात गेलो. मलाही सतरा नंबरच भरावा लागेल?

नाही. तुम्ही पुनर्परीक्षार्थी आहात. ज्या शाळेतून बसला होता, तिथूनच अर्ज भरायचा. पास झालेल्या विषयांची सूट घेता येते, म्हणजे फक्त गणित द्यायचं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे सगळे विषय पुन्हा लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

पेपर कसा असतो?

गणिताचे दोन पेपर असतात, भाग १ आणि भाग २. प्रत्येक ४० गुणांचा आणि २ तासांचा. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ते गृहपाठ आणि चाचणीवर संपर्क केंद्राची शाळा देते. बाहेरून बसणाऱ्यांना वाटतं की शाळेचा आणि आपला काय संबंध. संबंध आहे. शाळेत जाऊन विचारा, तारखा लिहून घ्या, वही वेळेवर द्या. हे २० गुण परीक्षेच्या हॉलबाहेर मिळतात आणि घाबरलेल्या माणसाला त्यांचा मोठा आधार होतो.

भाग १ मध्ये सहा प्रकरणं आहेत : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. भाग २ मध्ये सात : समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. बालभारतीची ही पुस्तकं २०१८ सालची आहेत. जुनी पुस्तकं स्वस्तात घेताना हे साल नक्की पाहा आणि फॉर्म भरताना त्या वर्षीचा अभ्यासक्रम केंद्रात विचारून घ्या.

पास व्हायला नेमकं किती आणि काय यावं लागतं?

१०० पैकी ३५ लागतात. मी मात्र प्रत्येक ४० च्या पेपरात २० चं लक्ष्य ठेवायला सांगते, म्हणजे दोन-चार गुण इकडेतिकडे गेले तरी धडधड होत नाही.

हे २० कुठून येतात ते बघा. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात चार बहुपर्यायी आणि चार एका-एका गुणाचे. त्यातले ५ आले पाहिजेत. मग कृती. कृतीत सोडवलेलं गणित छापलेलं असतं, मधल्या चौकटी रिकाम्या असतात, त्या भरायच्या. दोन गुणांच्या दोन आणि तीन गुणांची एक मिळून ७ गुण होतात. त्यातले ५ धरा. दोन गुणांच्या पाच गणितांतली चार सोडवायची असतात, त्यातली तीन बरोबर आली तर ६. हे १६ झाले. उरलेले ४ एका मोठ्या गणितातून. भाग १ मध्ये ते सांख्यिकीचं असू द्या, कारण तिथे तक्ता भरायचा आणि सूत्रात आकडे घालायचे असतात, नवीन काही सुचावं लागत नाही. पाचवा प्रश्न ३ गुणांचा आणि जरा डोकं खाणारा असतो. तो सोडून दिला तरी पास होता येतं.

मला दहावीचं पुस्तक उघडलं की काहीच कळत नाही. डोकंच नाही का मला गणिताचं?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

दहावीचं पुस्तक न कळणाऱ्यांची अडचण दहावीत नसते. ती पाचवी ते सातवीत असते, आणि दोनच जागी : अपूर्णांक आणि वजा संख्या. टक्केवारी अपूर्णांकातूनच येते, म्हणून तिला वेगळी मोजत नाही. शाळा नेमकी त्या वयात सुटलेली असते. मग माणूस दहावीचं वर्गसमीकरण उघडतो, दुसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह चुकतं, उत्तर जुळत नाही, आणि तो ठरवतो की आपल्याला डोकं नाही. डोकं असतं, मधल्या दोन पायऱ्या नसतात.

माझ्या वर्गात एक ताई होत्या, भाजीचा ठेला लावणाऱ्या. फळ्यावर ३/४ × ६० लिहिलं की त्या वही बंद करत. मी विचारलं, भेंडी साठ रुपये किलो, पाऊण किलोचे किती? 'पंचेचाळीस,' त्या माझं वाक्य संपायच्या आत म्हणाल्या. म्हटलं, ताई, फळ्यावर हेच तर लिहिलंय. त्या बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या तोंडात आहेत. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, पाठ असायचे. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर म्हणायला लावा. 'चाळीस सव्वा पन्नास' म्हणजे ४० × ५/४ = ५०. हे ज्याला येतं त्याला अपूर्णांकांचा गुणाकार येतो. त्याला फक्त लिहायची रीत शिकायची आहे.

बेरजेचं मात्र वेगळं आहे, तिथे बाजारातला अनुभव पुरत नाही. १/२ + १/३ हे २/५ लिहिणारे दर वर्षी भेटतात. अर्ध्या पोळीत आणखी एक तुकडा घातला आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं, असं कसं होईल? २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. तुकडे सारख्या आकाराचे केल्याशिवाय मोजता येत नाहीत, म्हणून छेद सारखे करायचे : ३/६ + २/६ = ५/६. अशी रोज दहा उदाहरणं, महिनाभर. घाई करू नका.

वजा वजा अधिक काऊन होते?

पुस्तकांत यासाठी थर्मामीटर दाखवतात. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, शून्याखाली गेलेला आपण कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे तो डोळ्यांसमोर येत नाही. उधारी घ्या. किराणा दुकानात तुमची ७ रुपये उधारी आहे, म्हणजे −७. दुकानदाराने त्यातली ४ रुपयांची उधारी काढून टाकली. उधारी काढणं म्हणजे −(−४). आता किती राहिली? ३ रुपये उधारी. म्हणून −७ − (−४) = −७ + ४ = −३. उधारी काढून टाकली तर तुमचं चांगलंच झालं, म्हणून अधिक.

कंसाआधी वजा असेल तर कंसातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं, फक्त पहिल्याचं नाही. वह्या तपासताना मला सगळ्यात जास्त लाल शाई इथेच लागते.

क्ष आणि य आले की भीती वाटते. ते असतात तरी काय?

सकाळी टपरीवर दोन प्लेट तर्री पोहे आणि तीन चहा घेतले, बिल ९० रुपये. दुसऱ्या दिवशी दोन प्लेट पोहे आणि एकच चहा, बिल ७० रुपये. पोहे तेवढेच, चहा दोन कमी, पैसे २० कमी. म्हणजे चहा १० रुपयांना आणि पोह्याची प्लेट ३० ला. तुम्ही आत्ता दोन चलांतील रेषीय समीकरणं सोडवली. पोह्यांच्या जागी क्ष आणि चहाच्या जागी य लिहा :

२क्ष + ३य = ९०
२क्ष + य = ७०

खालचं वरच्यातून वजा केलं की २य = २०. पुस्तकात आलेख आणि क्रेमरची पद्धतही आहे. प्रश्नात 'क्रेमरच्या पद्धतीने' असं लिहिलं असेल तर तीच वापरावी लागते, नाहीतर वजाबाकीची रीत चालते. शेवटी क्ष आणि य च्या किमती मूळ समीकरणात घालून पाहा. अर्धं मिनिट लागतं आणि उत्तर बरोबर की चूक ते तिथेच कळतं.

भाग १ मध्ये कुठल्या धड्यापासून सुरुवात करू?

संभाव्यता आणि सांख्यिकीपासून, म्हणजे पुस्तकाच्या शेवटाकडून. त्यांना मागच्या प्रकरणांची गरज लागत नाही आणि लवकर जमतात. दोन नाणी फेकली तर नमुना अवकाशात चार शक्यता असतात, त्यातल्या तीनमध्ये निदान एक छापा असतो, म्हणून ३/४. एवढं लिहिता आलं तर अर्धं प्रकरण कळलं.

नंतर अंकगणिती श्रेढी. बचत गटातल्या बायकांना ती पटकन पटते. पहिल्या आठवड्यात १०० रुपये टाकले आणि दर आठवड्याला १० रुपये वाढवत गेलं, तर ५२ आठवड्यांत किती जमतील? पहिला हप्ता १००, शेवटचा १०० + ५१ × १० = ६१०. पहिला आणि शेवटचा मिळून ७१०. दुसरा आणि शेवटून दुसरा मिळूनही ७१०. अशा २६ जोड्या, म्हणून २६ × ७१० = १८,४६०. सूत्र हेच सांगतं. जोड्या समजल्या की ते विसरत नाही.

अर्थनियोजनात जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंड आहे. जीएसटीत एकच फसवणूक लक्षात ठेवा. १८ टक्के करासह बिल ११,८०० रुपये असेल तर मूळ किंमत काढायला ११,८०० चे १८ टक्के वजा करायचे नाहीत. कर मूळ किमतीवर लागलेला असतो. १०० ची वस्तू ११८ ला पडली, म्हणून ११,८०० × १००/११८ = १०,०००. कर १,८००, त्यातले ९०० केंद्राचे आणि ९०० राज्याचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, पण पुस्तकातल्या आणि जुन्या पेपरांतल्या उदाहरणांत ते दिसतील. प्रश्नात जो दर दिलाय तोच धरायचा.

वर्गसमीकरणं सगळ्यात शेवटी. अवयव पाडणं नाहीच जमलं तर सूत्राची रीत पक्की करा, तिने प्रत्येक समीकरण सुटतं.

भूमितीचं काय? प्रमेयं पाठ करायची का?

निवडक पाठ करा, पण आकृती काढत. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय, पायथागोरस, स्पर्शिकाखंडाचे प्रमेय, अंतर्लिखित कोनाचे प्रमेय आणि चक्रीय चौकोनाचे प्रमेय. प्रत्येकाची आकृती, पक्ष, साध्य आणि सिद्धता रोज एकदा कोऱ्या कागदावर लिहायची. प्रत्येक पायरीसमोर कारण हवं. कारण न लिहिता बरोबर उत्तर लिहिणाऱ्यांचे गुण जातात आणि मग त्यांना अन्याय झाल्यासारखं वाटतं.

बांधकामावर काम करणाऱ्यांना पायथागोरस आधीच माहीत असतो. पायाची आखणी करताना मिस्त्री एका बाजूला तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकी दोरी पाच फूट भरली की गुण्या जुळला, म्हणजे काटकोन झाला म्हणतो. ९ + १६ = २५. माझ्या वर्गातल्या एका गवंडीकाम करणाऱ्या भाऊंनी हे सगळ्यांना दोरी घेऊन दाखवलं. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते.

निर्देशक भूमितीसाठी आपल्या मेट्रोचा नकाशा समोर घ्या. एक मार्ग खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दक्षिणेकडून उत्तरेकडे. दुसरा लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, पश्चिमेकडून पूर्वेकडे. दोन्ही सीताबर्डीला छेदतात. रूळ वळणावळणाने जातात, पण कागदावर ते दोन अक्ष समजा आणि सीताबर्डी आरंभबिंदू. अक्षांमुळे कागदाचे चार भाग पडतात, त्यांना चरण म्हणतात. मग कळमना पहिल्या चरणात येईल, गोरेवाडा दुसऱ्या, त्रिमूर्ती नगर तिसऱ्या आणि दिघोरी चौथ्या. ऑटोमोटिव्ह चौकात क्ष निर्देशक किती? शून्य, कारण पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे आपण सरकलोच नाही. हे घोकावं लागत नाही, रोज त्या वाटेने जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं.

रचना सोप्या आहेत, पण कंपास चांगला हवा. ढिल्या कंपासने काढलेली स्पर्शिका वर्तुळाला दोन ठिकाणी कापते. महत्त्वमापनाची सूत्रं मोठ्या कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. त्रिकोणमितीत ३०, ४५ आणि ६० अंशांचा तक्ता पाठ हवाच, त्याला दुसरा उपाय नाही.

बारा तास ड्युटी करून राहिलो. अभ्यास कधी करू?

रोज पाऊण तास काढा, पण रोज. रविवारी एकदम पाच तास बसणारे माझ्या पाहण्यात टिकले नाहीत. उन्हाळ्यात रात्री घर तापलेलं असतं, तेव्हा पहाटे पाचला बसा. वेळेची साधारण वाटणी अशी : पोळ्यापर्यंत फक्त अपूर्णांक, वजा संख्या, टक्केवारी आणि साधी समीकरणं. पोळा ते दिवाळी भाग १. दिवाळीनंतर डिसेंबर संपेपर्यंत भाग २. जानेवारीपासून जुने पेपर, घड्याळ लावून, दर आठवड्याला दोन. पहिले दोन महिने दहावीच्या पुस्तकाला हात लावायचा नाही म्हटलं की लोक नाराज होतात. तरी मी हट्ट सोडत नाही.

क्लास लावावा लागेल का? गाइड कोणतं घेऊ?

पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. छापील पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धड्याचं साहित्य उघडतं. गाइड घेतलं तरी आधी स्वतः सोडवा, मग उत्तर ताडून बघा. गाइड समोर ठेवून उतरवलेली वही सुंदर दिसते, पण परीक्षेत आठवत नाही. क्लासपेक्षा मला एक सोबती महत्त्वाचा वाटतो, ज्याला तुम्ही गणित समजावून सांगाल. आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर उत्तमच.

मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये परीक्षेला बसायची लाज वाटते.

वाटते, आणि ती वाटणं मी खोटं म्हणणार नाही. एक ताई पहिल्या पेपरला केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या. त्यांच्या मुलीने हात धरून आत सोडलं. नंतर त्या म्हणाल्या, आत गेल्यावर कोणी माझ्याकडे पाहिलंच नाही, सगळी पोरं आपल्याच पेपरात. आदल्या दिवशी केंद्र बघून या, बसायची खोली शोधून ठेवा. त्याने अर्धा संकोच जातो.

गणित टाळून दहावी करता येते का?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, येते. ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. तिथे पाच विषय निवडायचे असतात, गणित सक्तीचं नाही, मराठी माध्यम मिळतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात. नोकरीत बढतीसाठी फक्त दहावी पास दाखवायचं असेल तर हा मार्ग चांगला आहे. पण पुढे पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयच्या तांत्रिक ट्रेडला जायचं मनात असेल, तर गणित घ्या. दोन वर्षांनी परत येऊन 'मॅडम, आता फक्त गणित द्यायचंय' म्हणणारे दोघं माझ्याकडे बसतात.

कॅल्क्युलेटर चालतो का?

नाही. पाढे वीसपर्यंत आणि वर्ग पंचवीसपर्यंत पाठ करा.

नापास झालो तर?

जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, त्याच विषयाची देता येते. निकाल लागल्यावर आठ दिवस वही बंद ठेवा, नंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. चूक कुठे झाली ते आपल्याच अक्षरात दिसतं.

ठीक आहे. आज घरी गेल्यावर पहिलं काय करू?

ही पाच गणितं सोडवा, कोणाला न विचारता. ३/४ + १/६ किती? −७ − (−४) किती? ६०० चे १५ टक्के किती? ३क्ष + ५ = २०, तर क्ष किती? काटकोन त्रिकोणाच्या बाजू ६ आणि ८, तर कर्ण किती?

उत्तरं : ११/१२, −३, ९०, ५, १०. पाचही आली तर उद्यापासून संभाव्यता सुरू करा. चार आली तर जे चुकलं त्यावर एक आठवडा द्या. तीन किंवा त्याहून कमी आली तर पाचवीचं पुस्तक आणा आणि अपूर्णांकांच्या पहिल्या पानापासून बसा, फेब्रुवारीला अजून वेळ आहे.